शनिवारचा सिनेमा, सोमवारची बस

शनिवार, ४

पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या, सिनेमा बघून नुसतं घरी जायचं नाही, मनात काय आलं ते लिहून काढायचं. कुणाला दाखवायचं नाही. बरं. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण दाखवायचंच नाही तर काय बिघडतं. लिहिते.

पुस्तकवाल्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या. त्यांनी दर शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं काढलंय. एक आठवडा जुना, एक आठवडा नवा. गणिताच्या सरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी यायचं. मी शाळेच्या बसवर असते, पोरांना चढवते-उतरवते. बस माझा नवरा चालवतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, इथे नवराच लिहिणार. कोण बघतंय.

आजचा जुना होता, काळापांढरा. एक कारकून कोर्टात उभा राहतो आणि भावाला वाचवायला खोटं बोलतो. मग वकील बोलतो, मग भाऊ बोलतो, मग आई बोलते, मग न्यायाधीशसुद्धा बोलतो. अहो, एवढं बोलायला वेळ होता तर घरीच बसून का नाही बोललात? आई ढसाढसा रडली आणि काजळ जागच्या जागी. मला नाही आवडला.

नवऱ्याला भयंकर आवडला. घरी येईपर्यंत त्यातली वाक्यं म्हणत होता, वकिलाच्या आवाजात. एकदा ऐकलं की याच्या डोक्यात छापून राहतं, लहानपणापासूनचं आहे हे. गणिताचे सर टाळ्या वाजवत होते.

एकच तक्रार. यानं मला पहिल्या रांगेत बसवलं. आधी टॉकीजमध्ये हा कायम शेवटच्या रांगेतला, भिंतीला डोकं टेकून बसणारा. आता म्हणे पुढून मजा येते. माझी मान मोडली.

मंगळवार, ७

आज बस फाटकाच्या खांबाला घासली. हातभर ओरखडा. मी मागच्या दारात एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होते, नाहीतर ओरडले असते. नवरा म्हणाला, खांबाला रंग नाही दिलाय, भिंत आणि खांब एकसारखेच दिसतात. खरं आहे, रंग उडालाय. वॉचमन म्हणाला, “काका, खांब तिथंच आहे बरं का, शाळा बांधली तेव्हापासून.” नवरा हसला नाही.

हल्ली तो काच फार पुसतो. सकाळी निघायच्या आधी पुसतो, दुपारी पुसतो, सिग्नलला उतरून पुसतो. मी म्हटलं, अहो, काचेतून आरपार भोक पडेल आता. म्हणतो धुरकट आहे. मला तर लख्ख दिसते.

शनिवार, ११

आजचा नवा. हा मला आवडेल असं वाटलं नव्हतं. एक बाई, सातव्या मजल्यावर एकटी राहते. कामाला जाते, हॉटेलच्या चादरी धुते, घरी येते. अर्धा सिनेमा झाला तरी कुणी तोंड उघडत नाही. आणि सगळं अंधारात. मग एक दिवस चादरींच्या ढिगात तिला लहान पोराचा मोजा सापडतो, एकच. ती तो फेकत नाही. धुते, पिळते, घरी आणून खिडकीत वाळत घालते. बस, एवढंच. पुढे काही होत नाही. रोज तो मोजा खिडकीत असतो आणि ती चहा पिताना त्याच्याकडे बघते.

मला रडू आलं. मी कुणाच्या सिनेमात रडणारी नाही. तिला एकदाही रडवलं नाही त्यांनी, म्हणून मला आलं असेल.

नवरा वैतागला. “असला कसला सिनेमा? बल्ब लावायला पैसे नव्हते का यांच्याकडे?” आणि रस्त्यात मला विचारतो, “त्या बाईच्या हातात काय होतं गं?”

“मोजा.”

“कुणाचा?”

“अहो झोपला होतात का?”

“झोपलो नव्हतो. तू सांग ना, तू कसं बघितलंस ते सांग.”

मग मी पहिल्यापासून सांगितला. खिडकी, चादरी, चहाचा कप, सगळं. मधे एकदाही तोडलं नाही त्यानं. लग्नाला एवढी वर्षं झाली, याआधी मी दुसरं वाक्य सुरू केलं की हा आंघोळीला जायचा. आज घर येईपर्यंत ऐकत होता, आणि दारात थांबून म्हणाला, “मोज्याचा रंग कुठला होता?” मी म्हटलं, पिवळसर. म्हणाला, “वाटलंच.”

पुस्तकवाल्या बाईंना हे सांगायला पाहिजे. सिनेमानं माणूस सुधारतो.

गुरुवार, १६

टायवाल्यानं ऑफिसात बोलावलं. हा आमच्या बसगाड्यांवरचा साहेब, वय माझ्या मुलाएवढं, टाय मात्र पोटाच्या खाली. म्हणाला, “मावशी, पालकांची तक्रार आहे. तुम्ही बसमध्ये सतत ओरडता. एका मुलीचे कान दुखतात.”

मी म्हटलं, मी ओरडत नाही, माझा आवाजच असा आहे.

“पोरं तुम्हाला भोंगा म्हणतात, माहिती आहे का?”

माहिती आहे. मीच त्यांना सांगितलंय की म्हणा.

“आणि काकांना गाडी चालवायला तुम्ही शिकवता म्हणे. लाल आहे, सायकल आहे, आजी आली, खड्डा आहे. त्यांना दिसत नाही का?”

त्याचं काय आहे, मला राहवत नाही. दिसलं की तोंडातून निघतं. पूर्वी नवरा चिडायचा, म्हणायचा उतर आणि तूच चालव. गेल्या वर्षभरात एकदा चिडला नाही. उलट मी पोरांच्या गडबडीत गप्प झाले तर म्हणतो, “काय गं, बोल ना.” मला वाटतं वय झालं की पुरुषांना बायकोचं पटायला लागतं.

पण टायवाल्यानं सांगितलंय, तोंड बंद. ठीक आहे. उद्यापासून बंद म्हणजे बंद. मलाही अपमान कळतो.

शुक्रवार, १७

आज सगळं नीट क्रमानं लिहिते.

सकाळी ठरवल्याप्रमाणे एक शब्द काढला नाही. पोरं चढली की बसच्या पत्र्यावर थाप मारायची तेवढी मारली. आमचं ठरलेलं आहे, दोन थापा म्हणजे चला, एक थाप म्हणजे थांबा. पुढच्या सीटवरची चिमणी म्हणाली, “मावशी, आज भोंगा बिघडला का?” मी ओठांवर बोट ठेवलं.

नवरा बस अशी चालवत होता जशी गाडीत अंडी भरलीत. मागून हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं, मी बोलत नाही म्हणून रुसलाय. पहिल्या सिग्नलला मान वळवून म्हणाला, “बोल ना गं.” मी गप्प. दुसऱ्या चौकात परत, “बोल की, काय झालंय तुला?” घाम आला होता त्याला. सकाळच्या गारव्यात घाम! मी गप्पच.

बाजाराच्या वळणावर समोरून हातगाडी. करड्या ताडपत्रीनं झाकलेली, मागे एक म्हातारा, करडाच शर्ट. मला ती लांबून दिसली. मला वाटलं आता दाबेल ब्रेक, आता दाबेल. दाबेना. तोंडातून शेवटी किंकाळीच निघाली. बस थांबली तेव्हा हातगाडी आणि बसमध्ये वीतभर जागा. डबे सांडले, चिमणीच्या ओठाला सीटचा दांडा लागला, थोडं रक्त.

म्हातारा ओरडला, “डोळे आहेत की बटणं?”

मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन त्याला असा झापला की विचारू नका. रस्ता काय तुमच्या बापाचा, ताडपत्रीला जरा रंगीत फडकं बांधा, वगैरे. नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. मी हातगाडीवाल्याला बोलत होते तेव्हा हळूच म्हणाला, “सोड. त्याची चूक नाही.”

मग मी परत बोलायला लागले. कान दुखले तर कापूस घाला म्हणावं. घाम वाळला त्याचा.

रात्री जेवताना त्यानं पेल्यात पाणी ओतलं, बोट आत बुडवून. ही घाण सवय कुठून लागली याला? मी म्हटलं, अहो, पाहुण्यांसमोर असं कराल. म्हणाला, “सवय आहे, असू दे.”

शनिवार, १८

आज हसून पोट दुखलं. बरं झालं, कालचं डोक्यातून गेलं.

जुना, मुका सिनेमा. आवाजच नाही. एक माणूस पाठीवर मोठा आरसा बांधून गावभर फिरतो, आरसा एका बाईच्या घरी पोचवायचा असतो. त्याच्या मागून येणाऱ्याला आपलंच तोंड दिसतं आणि प्रत्येकजण दचकतो. एक जाडा तर आरशातल्या स्वतःशीच भांडतो. मला जाडा आवडला. आमच्या जावेसारखा.

मधेच वॉचमन उठून पडद्याच्या पुढून गेला, त्याच्या टोपीची सावली पडद्यावर पडली, बरोबर हिरोच्या खांद्यावर दुसरं डोकं आल्यासारखी. हॉल कोसळला. नवराही हसला.

घरी येताना तो म्हणाला, “सगळ्यात भारी काम त्या टोपीवाल्याचं. मधेच आला आणि भाव खाऊन गेला.”

“अहो, तो आपला वॉचमन!”

“आपला?” म्हणाला, मग तोही हसायला लागला. मी तर रस्त्यात बसले हसत. या माणसाला अजून चेष्टा सुचते. चेहरा एकदम सरळ ठेवून बोलला, मी फसले.

मुक्या सिनेमाबद्दल काही बोलला नाही. जुना असूनही. मला वाटलं होतं आवडेल.

मंगळवार, २१

टायवाल्याचा हुकूम. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून मी दुसऱ्या बसवर. नवरा-बायको एका गाडीवर नकोत, लक्ष लागत नाही. चिमणीच्या ओठाचं कळलं असणार त्याला. माझ्या जागी नवी बाई येतेय. म्हणे फार शांत आहे, दिवसभरात दहा शब्द बोलत नाही.

मी म्हटलं, मला काय, बस ती बस.

घरी सांगितलं तर नवरा खुर्चीत बसून राहिला. म्हणाला, “तू नाही म्हणून सांग.”

“कशाला? आराम मिळेल तुम्हाला. भोंगा नाही.”

“मी कधी म्हटलं मला त्रास होतो म्हणून?”

“जन्मभर म्हणालात.”

“गेल्या वर्षभरात म्हणालो?”

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझ्यावाचून याचं अडतं हे या वयात ऐकायला कुणाला नको असतं? पण तोंडावर म्हटलं, लाडात येऊ नका, दाढी नीट करा आधी, गालावर अर्धी तशीच राहिलीय.

शनिवार, २५

नवा. परक्या भाषेतला. खाली अक्षरं येतात ती वाचायची. मला एक ओळ होईपर्यंत दुसरी येते. नवरा दहावी शिकलेला, मी म्हटलं तुम्ही वाचून दाखवा. तर म्हणाला, “नाही, तू वाच. मोठ्यानं वाच. तुझं वाचन सुधारेल.” पेपरचंही असंच. गेले कित्येक महिने पेपर मलाच वाचायला लावतो. आधी चिडायचे, पण खरंच सुधारलंय. या वयात मला शिकवायचं मनात आलं त्याच्या, त्याबद्दल मी त्याला कधी चांगलं बोलले नाही. बोलायला पाहिजे.

मी वाचत होते. गणिताचे सर दोनदा शू म्हणाले.

सिनेमा असा. एक ट्रकवाला धुक्यातून चाललाय. काहीतरी धडकतं. मऊ. तो थांबत नाही. पुढचा सगळा सिनेमा तो जेवतो, झोपतो, बायकोशी बोलतो, आणि मनात एकच की ते काय होतं. बायको विचारते काय झालंय. तो म्हणतो, मी वाचलं, “म...ला वा...टलं, पोतं अ...सेल.”

नवऱ्यानं माझं मनगट धरलं. “पुरे. वाचू नकोस.”

“आत्ताच तर रंगात आलाय.”

“पोटात कसंतरी होतंय, चल.”

सगळ्यांच्या पुढून उठून आलो. ते काय होतं हे मला कळलंच नाही. सोमवारी पुस्तकवाल्या बाईंना विचारीन. घरी येऊन त्यानं काही खाल्लं नाही. पोट बिघडलं असेल, कँटीनमध्ये हादडतो ना.

शनिवार, १

लिहू की नको. लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

आजचा जुना. आमच्या लग्नाच्या वर्षातला, तेव्हा दोघांनी मिळून पाहिला होता. नवऱ्यानं तर कितीदा पाहिलाय त्यालाच माहीत. होडीवाला आणि पलीकडच्या काठावरची शिक्षिका. ती रोज त्याच्या होडीतून शाळेत जाते आणि दोघं कधी एकमेकांचं नाव विचारत नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं केवढं प्रेम. आज वाटलं, अहो विचारा की नाव, तोंड शिवलंय का? पण गाणी छान. नवरा ओठांनी प्रत्येक वाक्य आधी म्हणत होता. खूश होता. बऱ्याच दिवसांनी खूश होता.

शेवटाकडे, ती बदली होऊन जाते, होडीत उभी आहे, पदर उडतोय. आणि चित्र बिघडलं. पुस्तकवाल्या बाईंचा धक्का लागला मशीनला. आवाज चालू, पण पडद्यावर नुसता धूर. बाई कुठली, होडी कुठली, पाणी कुठलं, काही कळेना. एक करडा गोळा आणि एक पांढरा. हॉलमध्ये बोंबाबोंब. शिट्ट्या. वॉचमन ओरडला, “बाई, काच पुसा काच!”

नवरा वळून मागच्यांवर चिडला. “काय कालवा लावलाय? ऐकू द्या ना. चांगलं तर चाललंय.”

मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं चेष्टा करतोय, टोपीवाल्यासारखी.

चेष्टा नव्हती. त्यानं परत पडद्याकडे तोंड केलं. त्या धुराकडे बघत हसत होता. मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाला, “बघ. अजून तशीच दिसते.”

मग बाईंनी मशीन नीट केलं. बाई, होडी, पाणी, सगळं चकचकीत परत आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि नवरा मला विचारतो, “टाळ्या कशाला?”

मी शेवट बघितला नाही. मला बस दिसत होती.

रविवार, २

सकाळी तो समोर बसला होता, खिडकीच्या उजेडात. मी त्याच्यासमोर बसले आणि जीभ बाहेर काढली. पूर्ण. पोरांसारखी. डोळे तिरळे केले.

तो म्हणाला, “चहा झाला का?”

मी जीभ आत घेतली. म्हटलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मी जीभ काढून बसलेय तुमच्यासमोर.”

त्यानं टेबलावर हात फिरवला, जसा रोज काचेवर फिरवतो तसा. “धुकं असतं थोडं. सकाळी जास्त असतं. दुपारी बरं असतं.”

“आणि दर वर्षीची डोळ्यांची तपासणी? पाटीवरची अक्षरं?”

“पाठ केली.”

“काय?”

“रांगेत मागे उभा राहतो. पुढचे मोठ्यानं वाचतात. ऐकलं की पाठ होतं मला, तुला माहितीये.” आणि थोडा हसला. हसला!

मी कप आपटला. फुटला. म्हटलं, साठ पोरं असतात तुमच्या मागे.

“मी एक तरी पोर पाडलं का? तू असतेस ना. तू बोलतेस, मी चालवतो. आपलं जमलं होतं.”

म्हणजे इतके दिवस बस मी चालवत होते. मला सायकलसुद्धा येत नाही.

“उद्यापासून मी नाहीये,” मी म्हटलं. “ती दहा शब्दवाली आहे.”

“रस्ता पाठ आहे मला. खड्डानखड्डा.”

“रस्ता पाठ आहे. समोर येणारी माणसं पाठ आहेत का?”

तो हळू आवाजात विनवायला लागला. निवृत्तीला दीड वर्ष आहे. सन्मानानं उतरू दे. टायवाल्याला सांगितलंस तर मी त्या फाटकातून परत आत जाणार नाही. पोरं काका म्हणतात, मग आंधळा म्हणतील. मी डॉक्टरकडे जातो, शपथ, सुट्टी लागली की जातो. फक्त सुट्टीपर्यंत.

मला त्या ट्रकवाल्याची बायको आठवत होती. ती विचारत राहिली आणि तो म्हणाला पोतं असेल.

मी काहीच बोलले नाही. दिवसभर. माझ्या गप्प बसण्याला तो हो समजला असावा, कारण संध्याकाळी शीळ घालत बूट पॉलिश करत होता. मला टायवाल्याकडे जाववत नाही. माझ्याच नवऱ्याची चुगली करायला मी त्या पोराच्या टेबलासमोर उभी राहू? पण उद्याची सकाळ तर येणारच आहे.

सोमवार, ३

मी उठले तेव्हा तो गेला होता. चुकवून गेला.

धावत डेपोत गेले. शाळेच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे बसगाड्या उभ्या असतात. पोरं अजून नव्हती, ती पुढे वाटेवर चढतात. त्यानं इंजिन सुरू केलेलं. नवी बाई आत बसली होती, मांडीवर हात, तोंड मिटलेलं. काच पुसून लख्ख.

मी त्याच्या खिडकीशी जाणार होते. वाद घालणार होते. मग वाटलं, वादात हा जिंकेल. परत रस्ता पाठ, पाटी पाठ, दीड वर्ष. मला दया येईल आणि मी पाय मागे घेईन.

मी बसच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. मधोमध. मागे करडी भिंत, अंगावर कामाचा करडा कोट. एक शब्द काढला नाही.

मला शेवटपर्यंत वाटत होतं दिसेल. हातगाडी नसेल दिसली, खांब नसेल दिसला, बायको तरी दिसेल.

त्यानं आरशात बघितलं, मान हलवली, थेट माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. आणि बस पुढे आली.

हळू आली, शेडमध्ये हळूच काढतो तो. पण आली. नवी बाई आतून उठून उभी राहिली, तिचं तोंड उघडं पडलं, पण त्या दहातला एकही शब्द बाहेर येईना. मी हात पुढे केला आणि बसच्या पत्र्यावर थाप मारली. एक.

बस थांबली. माझ्या पोटाला पत्र्याचा गरमपणा लागत होता.

इंजिन बंद झालं. बराच वेळ दार उघडलं नाही. मग तो उतरला, एका हातानं पत्रा धरत, त्याच्या कडेकडेनं माझ्यापर्यंत आला. माझ्या कोटाला हात लावला, बटणापर्यंत.

“तू इथे होतीस?”

“हो.”

“मला वाटलं शेडची सावली आहे.”

त्यानं किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि हात तसाच राहू दिला. मग म्हणाला, “टायवाल्याला मी सांगतो. तू नको सांगूस. फक्त ऑफिसपर्यंत चल, तिथे दोन पायऱ्या आहेत त्या मला कधीच नीट कळत नाहीत.”

बुधवार, ५

डॉक्टर. एका डोळ्यात मोतीबिंदू, पिकलेला, काढता येईल. दुसऱ्याची नस गेली, ती येत नाही. वर्षभर आधी आला असतात तर, असं म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, आला नसता तो, पुढचं बोला. गाडी संपली. कायमची.

घरी कुणी कुणाशी बोलत नाही. मी विचारलं की हं. वाढलं की हं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवतो. फाटकात जुन्या बसवरच्या पोरांनी विचारलं, काका कुठेत? मी म्हटलं, डोळे दुरुस्तीला टाकलेत. चिमणी म्हणाली, भोंग्यासारखे? हो गं बाई, भोंग्यासारखे.

मी बरोबर केलं. हे लिहून ठेवते, कारण सारखं वाटत नाही तसं.

शनिवार, ८

मी त्याला चला म्हटलं नाही. मी निघाले, चप्पल घातली, तर मागून त्याचीही चप्पल वाजली. न बोलता आला. हॉलमध्ये सगळे जरा जास्तच गोड बोलले. वॉचमननं खुर्ची पुसून दिली, त्याला वाटलं बरं वाटेल. नवरा म्हणाला, “धन्यवाद, टोपीवाले.” बाकी काही नाही.

पहिली रांग. मधे एक हात अंतर ठेवून बसला.

नवा सिनेमा. सुरू झाला आणि परत तेच, कुणी बोलेना. नुसती पावलं. लांब कुठेतरी दार लागल्याचा आवाज. मी समोर बघत राहिले. मनात म्हटलं, आता हा उठून जाणार.

उठला नाही. बराच वेळ तसाच बसला, हात गुडघ्यांवर. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

“बोल ना,” तो म्हणाला.

“जिना आहे,” मी म्हटलं. “सिमेंटचा. वर जाळीची खिडकी, तिच्यातून उजेड येतोय, पायऱ्यांवर चौकटी पडल्यात. मधल्या पायरीवर एक माणूस बसलाय. आपल्याच वयाचा. पायात एकच चप्पल आहे.”

मागून गणिताचे सर शू म्हणाले. मी वळून म्हटलं, तुम्हीच शू.

“कुठल्या पायात?” नवऱ्यानं विचारलं.

मी नीट बघितलं.

“डाव्या.”

“हं,” तो म्हणाला. “पुढे.”